श्टोल्परश्टाइन
श्टोल्परश्टाइन : नाझी राजवटीच्या (१९३३–४५) छळाला बळी पडलेल्या व्यक्तींची पदपथावर बसविलेली लहान स्मारके. या जर्मन शब्दाचा अर्थ ‘ठेच लागणारा दगड’ असा आहे. सु. १० सेंमी. बाजूच्या काँक्रीटच्या घनावर पितळी पत्रा जडविलेला असतो व त्यावरील अक्षरे हाताने ठोकून उमटविलेली असतात. ‘येथे राहत होते’ या अर्थाच्या शब्दांनी बहुधा मजकुराचा प्रारंभ होतो. पुढे नाव, जन्मवर्ष, हद्दपारी व मृत्यू यांची नोंद असते. संबंधित व्यक्तीने स्वेच्छेने निवडलेल्या अखेरच्या निवासस्थानासमोर हा दगड बसवितात.

या उपक्रमाचा प्रवर्तक जर्मन कलावंत गुंटर डेमनिग (१९४७– ) हा होय. सिंती व रोमा लोकांना आउशविट्‌स छळछावणीत पाठविण्याच्या हिमलरच्या हुकमाला ५० वर्षे झाली, त्या दिवशी, १६ डिसेंबर १९९२ रोजी, त्याने कोलोनच्या नगरभवनासमोर पहिला दगड बसविला. त्यावर त्या हुकमाचाच प्रारंभीचा मजकूर होता. पुढील दगडांवर हुकमाची जागा व्यक्तिनामाने घेतली. एक लाखावा दगड २०२३ मध्ये न्यूरेंबर्ग येथे बसविण्यात आला.

भव्य स्मारकाहून या दगडांचा परिणाम वेगळा आहे. पीटर आयझेनमनने योजिलेल्या बर्लिनच्या स्मारकातील (२००५) २,७११ काँक्रीटस्तंभांवर एकही नाव नाही. संहाराची अफाटता तेथे जाणवते, व्यक्ती नव्हे. उलट, हा दगड एका माणसाचा पत्ता सांगतो. अत्याचाराचा आरंभ दूरच्या छावणीत नव्हे, तर शेजाऱ्यांच्या देखत, याच दारात झाला, हे सत्य त्यामुळे टाळता येत नाही.

या कल्पनेला गंभीर आक्षेपही आहेत. मृतांची नावे पुन्हा पायदळी तुडविली जातात, असे म्यूनिकच्या ज्यू समाजाच्या नेत्या शार्लोट क्नोब्लोख यांचे म्हणणे आहे. त्या नगराने २००४ मध्ये सार्वजनिक जागेत असे दगड बसविण्यास नकार दिला, २०१५ मध्ये तो कायम ठेवला आणि २०१८ पासून भिंतींवरील फलक व स्तंभ यांचा पर्याय स्वीकारला. वाचण्यासाठी वाकावे लागते, हेच अभिवादन होय, असे समर्थक मानतात. परंतु न वाकता निघून जाणाऱ्यांबाबत हे उत्तर अपुरे पडते.

मजकुराची मर्यादा अधिक मूलगामी आहे. हद्दपारीच्या तारखा बव्हंशी छळ करणाऱ्यांच्याच दप्तरांतून आलेल्या असतात. व्यवसाय, आवडी, स्नेहसंबंध यांना पत्र्यावर क्वचितच जागा मिळते. व्यक्तीला नाव परत मिळते, आयुष्य मिळत नाही. ते शोधण्याचे काम वाचणाऱ्यावर येते. पितळ कालांतराने काळवंडते व शेजाऱ्यांना ते घासून उजळावे लागते. या स्मारकाचे सामर्थ्य या परावलंबित्वातच आहे. ही निगा थांबली, तर दगड राहील, स्मरण राहणार नाही.