सही आणि शिल्लक

बँकेत चेक आला की आम्ही दोन गोष्टी पाहतो. सही जुळते का, आणि खात्यात शिल्लक आहे का. सही कितीही झोकदार असो, शिल्लक नसेल तर चेक परत. विज्ञानाच्या पेढीवर मात्र मोठमोठी माणसं कधीकधी नुसत्या सहीवर चेक वटवायला निघतात.

१९७५ साली अमेरिकेतल्या 'द ह्यूमनिस्ट' या नियतकालिकात फलज्योतिषाविरुद्ध एक पत्रक आलं. खाली १८६ शास्त्रज्ञांच्या सह्या, त्यांत १८ नोबेलवाले! आमच्या युनियनला एवढ्या सह्या जमवायच्या तर आधी चहा पाजावा लागतो.

आता, मी काही ज्योतिषाचा कैवार घेत नाही. मंगळाने कुणाचं लग्न मोडायला एवढ्या लांबून यावं, इतका तो रिकामटेकडा नसावा. पण पत्रकाचा सूर 'आम्ही सांगतो ना, मग झालं!' असा होता. पुढे बीबीसीने यांतल्या काही नोबेलवाल्यांना मुलाखत मागितली, तेव्हा 'आम्ही ज्योतिषाचा अभ्यास केलेला नाही,' म्हणून त्यांनी नकार दिला, असं तत्त्वज्ञ पॉल फायराबेंड यांनी लिहून ठेवलंय. न वाचता सही करणाऱ्याला आमच्याकडे जामीनदार म्हणतात.

कार्ल सेगन यांनी मात्र सही नाकारली. पुढे १९८० मध्ये 'कॉसमॉस' मालिकेने घरोघरी पोचलेले तेच हे सेगन. ज्योतिष त्यांनाही पटत नव्हतंच. पण पत्रकातला हुकमी सूर त्याहून खटकला.

तो का खटकावा, हे सह्यांच्या त्याच यादीत दिसतं. तीत लायनस पॉलिंग होते. १९५४ चं रसायनाचं आणि १९६२ चं शांततेचं, अशी दोन नोबेलं एकट्याच्या नावावर! याच पॉलिंगनी १९७० साली पुस्तक लिहून सांगितलं, भरपूर 'सी' जीवनसत्त्व घ्या, सर्दी पळेल. लोकांनी सही पाहिली आणि गोळ्यांवर तुटून पडले. पुढच्या चाचण्यांत दिसलं ते असं: रोज गोळ्या घेतल्या तरी सामान्य माणसाला सर्दी व्हायची ती होतेच, फार तर जरा लवकर आटपते. सही तीच, हात तोच. एक चेक वटला, दुसरा परत!

आपल्या जयंत नारळीकरांची सही काही कमी वजनाची नव्हती. पण २००८ मध्ये पुण्यात त्यांनी नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांबरोबर सरळ परीक्षाच मांडली. हुशार आणि गतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळल्या, प्रत्येक ज्योतिष्याला ४० दिल्या आणि म्हणाले, ओळखा. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी बरोबर ४६ टक्के! नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती.

याला म्हणतात पासबुक उघडून दाखवणं. ते पाहायला वेळ लागतो, डोळे दुखतात, हे खरं. पण लोकांना नुसत्या सहीवर विश्वास ठेवायची सवय लावली तर पंचाईत आपलीच आहे. सही बाबालोकांचीही असते. आणि बहुधा जास्त वळणदार असते.