इटलीच्या अन्नयात्रेचा बेत आणि त्यामागचे ग्रंथ

गेल्या चातुर्मासाच्या अखेरीस आमचे एक स्नेही हाती कागदाची घडी घेऊन आमच्याकडे आले. गृहस्थ देवस्थानच्या महाजनांपैकी. हिशेबाला काटेकोर, पंक्तीला आग्रही. बडोद्यास स्थायिक झालेले त्यांचे चिरंजीव व सूनबाई येत्या ऑगस्टात त्यांना इटलीस घेऊन जाणार होते, आणि कागदावर त्या प्रवासाचा बेत होता : बारा दिवस, सहा शहरे, मधला एक दिवस तोस्कानाच्या द्राक्षमळ्यांसाठी. प्रत्येक शहरापुढे तेथील एक प्रसिद्ध पदार्थ, आणि पदार्थापुढे एक वाइन. मिलानपुढे केशरी रिसोत्तो, बोलोन्यापुढे तोर्तेलिनी, नेपल्सपुढे पिझ्झा. स्नेही स्वतः मांस खात नाहीत, मद्यास शिवत नाहीत. चिरंजीवांची गोष्ट निराळी. “एवढे वाचून अभिप्राय द्यावा,” असे ते म्हणाले, जणू एखाद्या नवकवीचे हस्तलिखितच आमच्यापुढे ठेवीत होते.

आम्ही ते तसेच वाचले. कारण असा बेत हे कोणाचे स्वतंत्र लेखन नसते. शहरापुढे पदार्थ आणि पदार्थापुढे पेय मांडण्याची ही रीत एका जुन्या वाङ्मयप्रकारातून आलेली आहे, आणि त्या प्रकाराचे गुणदोष बेतात उतरल्यावाचून राहत नाहीत. इटलीची भूमी आम्ही पाहिलेली नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. तिच्या अन्नाविषयीची पुस्तके मात्र बरीच वर्षे आमच्या संग्रही आहेत. तेव्हा परीक्षण व्हायचे तर त्या पुस्तकांचेच झाले पाहिजे.

इटलीच्या ‘तूरिंग क्लब’ने १९३१ साली देशाचा एक गॅस्ट्रॉनॉमिक मार्गदर्शक, म्हणजे अन्नपर्यटनाचा कोश, प्रसिद्ध केला. हा क्लब १८९४ साली मिलान येथे सायकलस्वारांनी स्थापिला होता. चाकावर बसून देश पाहणाऱ्यांना वाटेत काय खावे हा प्रश्न पडणे स्वाभाविकच होते. प्रांतामागून प्रांत घेत कोणत्या ठिकाणी कोणता पदार्थ, कोणती मिठाई, कोणती वाइन याची नोंद या ग्रंथाने केली. परिश्रम थोर आहेत यात शंका नाही. तथापि यादी ही यादीच. फासिस्त राजवटीच्या ऐन भरात निघालेल्या या कोशात इटली एखाद्या सुव्यवस्थित कोठीघरासारखी दिसते : प्रत्येक फडताळात एक बरणी, प्रत्येक बरणीवर एक चिठ्ठी. बरणी कोणत्या महिन्यात भरते, कोणत्या महिन्यात रिकामी असते, आणि ती भरणाऱ्याच्या घरी त्या दिवशी काय शिजले, याचा पत्ता तेथे लागत नाही. आमच्या स्नेह्यांच्या कागदाचा कुलवृत्तान्त शोधू गेल्यास मूळ पुरुष येथेच सापडतो.

पेल्लेग्रिनो आर्तूसी यांचा ग्रंथ मात्र निराळ्या जातीचा आहे. त्यांचा जन्म १८२० साली रोमान्या प्रांतातील फोर्लिंपोपोली या गावी झाला. १८५१ च्या जानेवारीत एका कुप्रसिद्ध दरोडेखोराच्या टोळीने ते गाव लुटले, त्यात आर्तूसींचे घरही सापडले. पुढे हे कुटुंब फ्लॉरेन्सला आले आणि पेल्लेग्रिनो यांनी रेशमाच्या व्यापारात पैसा मिळविला. सत्तरी ओलांडल्यावर, १८९१ साली, पाकशास्त्र आणि उत्तम भोजनाची कला या विषयावरील आपला ग्रंथ त्यांनी पदरमोड करून छापला. पहिल्या आवृत्तीत ४७५ कृती होत्या. १९११ साली लेखक वारला तेव्हा त्या ७९० झाल्या होत्या. ही वाढ कशी झाली हे लक्षात घेण्याजोगे आहे. वाचक पत्रे लिहीत, आपल्या घरची कृती कळवीत, चुका दाखवीत, आणि आर्तूसी ती कृती आपल्या स्वयंपाकघरात पुन्हा करून पाहिल्याशिवाय पुस्तकात घेत नसत. एका परीने हा ग्रंथ शेकडो गृहिणींनी मिळून लिहिला. पिएरो कांपोरेसी यांनी १९७० च्या आवृत्तीस जी प्रस्तावना जोडली तीत, देशाचे ऐक्य साधण्याच्या कामी या पाकग्रंथाने मांझोनीच्या विख्यात कादंबरीहूनही अधिक कार्य केले, असा अभिप्राय दिला आहे. अतिशयोक्ती सोडली तरी अभिप्राय विचार करण्यासारखा आहे खरा.

आर्तूसींचे वैशिष्ट्य असे की ते पदार्थाबरोबर त्याची हकीकतही वाढतात. मिनेस्त्रोने या भाज्यांच्या दाट सारावरचे त्यांचे टिपण घ्या. १८५५ साली ते लिवोर्नो येथे गेले असता एका खाणावळीत त्यांनी मिनेस्त्रोने घेतला, आणि रात्री पोटात जी कळ उठली तिचे सारे खापर त्यांनी त्या साराच्या माथी फोडले. दुसऱ्या दिवशी फ्लॉरेन्सला परतल्यावर बातमी आली की लिवोर्नोत पटकीची साथ सुरू झाली असून, ज्यांच्या घरी ते उतरले होते ते गृहस्थच तिला बळी पडले. बिचारे सार निर्दोष ठरले! एवढे सांगून हा लेखक शांतपणे कृतीकडे वळतो. प्रवासात पोट बिघडले की परक्या अन्नाला दोष देणाऱ्या आपल्या मंडळींनी हे टिपण अवश्य वाचावे.

परंतु या ग्रंथात एक मोठे वैगुण्य आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. आर्तूसींची इटली म्हणजे मुख्यतः रोमान्या, एमिलिया आणि तोस्काना. नेपल्स व सिसिली यांच्या वाट्याला थोड्या कृती आल्या आहेत, आणि पुग्लियाचा शेतकरी तर पंक्तीत जवळजवळ नाहीच. लोण्याची आणि डुकराच्या चरबीची इटली त्यांना जेवढी ठाऊक होती तेवढी ऑलिव्हच्या तेलाची व कडधान्यांची इटली नव्हती. आमच्या वाचकांस नेमकी ही दुसरीच इटली हवी असते. तिच्यासाठी एलिझाबेथ डेव्हिड या इंग्रज लेखिकेच्या १९५४ च्या ग्रंथाकडे वळावे लागते. रेनातो गुत्तूझो या चित्रकाराच्या रेखाटनांनी नटलेल्या त्या ग्रंथाचा मुख्य सांगावा असा की इटालियन पाककला अशी एक वस्तू नाहीच. आहेत त्या प्रांतांच्या, किंबहुना गावांच्या पाककला. फणस कोकणात कसा खातात आणि घाटावर कसा, हे माहीत असलेल्यांना याचे नवल वाटणार नाही.

आता मारिओ सोल्दाती. या कादंबरीकाराने व चित्रपट-दिग्दर्शकाने १९५७ साली इटलीच्या नव्या दूरदर्शनासाठी एक मालिका केली. इटलीत नियमित प्रक्षेपण सुरू होऊन तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती. पो नदीच्या खोऱ्यातून, उगमाकडून मुखाकडे, अस्सल अन्नाच्या शोधात केलेला हा प्रवास. मिश्या राखलेला, गप्पिष्ट, समोरच्याचे बोलणे अर्ध्यावर तोडणारा हा गृहस्थ चीज करणाऱ्याच्या कढईपाशी उभा राहतो, खाणावळीच्या मालकिणीला प्रश्न विचारतो, आणि कारखान्यातही तितक्याच कुतूहलाने शिरतो. आमच्या मते अन्नप्रवासाच्या साऱ्या वाङ्मयात नदीच्या क्रमाने जाण्याची ही कल्पना सर्वांत रसिक आहे. शहरांची यादी माणसाला धावावयास लावते. नदी त्याला तिच्या गतीने चालविते.

पुढे १९६८, १९७० आणि १९७५ साली सोल्दातींनी वाइनच्या शोधात तीन यात्रा केल्या; त्यांचे वृत्तान्त ‘वीनो अल वीनो’ या नावाने निघाले. भाकरीला भाकरी व वाइनला वाइन म्हणावे, म्हणजे आडपडदा न ठेवता बोलावे, अशी इटालियन भाषेत म्हण आहे, तीवरून हे नाव आले. १९६३ साली सरकारने वाइनच्या उगमस्थानाचे नाव कायद्याने राखण्याची व्यवस्था केली आणि १९६६ साली सान जिमिन्यानोच्या व्हेर्नाच्चा वाइनला तो मान प्रथम मिळाला. सोल्दातींचा ओढा मात्र चिठ्ठीपेक्षा माणसाकडे. लहान उत्पादक, त्याचे तळघर, त्याचा स्वभाव, त्याच्या गावचे ऊन. वाइन तिच्या जन्मस्थानीच समजते, असा त्यांचा पक्ष. पुढे १९८६ साली भेसळीच्या वाइनमधील मिथेनॉलने इटलीत वीसांहून अधिक माणसे दगावली, तेव्हा त्यांच्या संशयातील तथ्य सर्वांना पटले. पण आम्ही याची दुसरी बाजूही नोंदवितो : मिथेनॉल ओळखण्याचे काम रसिकाच्या जिभेने होत नाही, रसायनशाळेने होते. ओळखीच्या माणसावरील विश्वास हा सद्गुण असेल, तपासणीचा पर्याय नव्हे. सोल्दातींची ही भावुकता आम्हांस खटकते.

आणि दुसरी गोष्ट अधिक खटकते. ‘अस्सल अन्न’ या शब्दाने पो खोऱ्याचा भूतकाळ सोनेरी होऊन जातो. त्याच खोऱ्यात एकोणिसाव्या शतकात शेतमजूर निव्वळ पोलेंतावर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीवर, जगत होते आणि पेलाग्रा या रोगाने कातडी सोलून निघून, भ्रम होऊन मरत होते. मका अमेरिकेतून आला. तेथील मूळ रहिवासी तो चुनखडीच्या पाण्यात शिजवून घेत, त्यामुळे त्यातील आवश्यक जीवनसत्त्व शरीरास मिळे. युरोपात दाणा आला, ती रीत आली नाही. आज तीच पोलेंता भोजनगृहात कौतुकाने वाढतात. वाढोत, आमची तक्रार पदार्थाबद्दल नाही. पण ज्याला गरिबीची पाककला असे प्रेमाने संबोधितात, ती ज्यांच्यावर लादली गेली होती त्यांचा उल्लेख प्रवासवर्णनात एका ओळीपुरता तरी यावयास हवा.

स्नेह्यांचा खरा प्रश्न याहून साधा होता, आणि त्याचे उत्तर यांपैकी कोणताच ग्रंथ सरळ देत नाही. मांस न खाणाऱ्याने तेथे काय खावे? कागदावरील मिलानी रिसोत्तोत परंपरेने बैलाच्या हाडातील मगज आणि मांसाचे पाणी असते. तोर्तेलिनीच्या पोटात डुकराचे मांस. भाज्यांचे सारही पुष्कळदा मांसाच्या पाण्यावरच होते. यापुढची गोष्ट अनेकांस ठाऊक नसते, म्हणून स्पष्ट लिहितो : पार्मिजानो-रेज्जानो हे चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटनेच विरजावे असा त्याचा नियम आहे. सुमारे ५५० लिटर दुधातून चाळीस किलोंच्या आसपासचे एक चाक निघते, निदान बारा महिने मुरते, आणि त्यातील एक चिमूट इटलीतील निम्म्या ताटांवर भुरभुरली जाते. तुळशीच्या भावंडाच्या पानांची ती प्रसिद्ध जिनोव्हाची चटणी पेस्तो, तीही यातून सुटत नाही. ज्याला हे चालते त्याने खावे, ज्याला चालत नाही त्याने विचारावे. परंतु न कळता खाल्ले असे नंतर म्हणण्याची पाळी येऊ नये. रोमच्या परिसरात काचोफ्योरे नावाचे एक चीज मात्र रानकाट्याच्या जातीच्या फुलांनी विरजतात. हा प्रकार इतका जुना की कोलुमेल्ला या रोमन लेखकानेही अशा फुलांचा उल्लेख केला आहे.

एक शब्द उपयोगी पडेल : ‘दि माग्रो’. ख्रिस्ती उपवासाच्या दिवशी चालणारे, मांसवर्जित, असा त्याचा अर्थ. आर्तूसींच्या पुस्तकात हा शब्द पदोपदी भेटतो. तथापि माग्रोत मासळी चालते. आमचे सारस्वत वाचक येथे गालात हसतील, पण स्नेह्यांनी सावध असावे.

खरी पंक्ती दक्षिणेत आणि लिगुरियाच्या किनाऱ्यावर मांडलेली आहे. लिगुरियाची फारिनाता म्हणजे हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल एवढेच. तांब्याच्या रुंद परातीत, लाकडाच्या भट्टीत भाजलेले. पालेर्मोची पानेल्ले हीदेखील हरभऱ्याच्या पिठाचीच, तळलेली. पुग्लियात वाळक्या बाकल्यांचे वरणासारखे घाटलेले सार आणि शेजारी कडसर चिकोरीची पालेभाजी. तोस्कानात शिळ्या भाकरीची रिबोल्लिता, जी शिळी होऊन पुन्हा उकळल्याखेरीज नावालाच पात्र ठरत नाही; मात्र तिच्यात डुकराची चरबी पडली नाही ना, हे विचारून घ्यावे. आणि नेपल्सला चीज नसलेला मारिनारा पिझ्झा : टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. टोमॅटो तेथे परका, जशी आपल्या गोव्यात मिरची परकी. दोघेही अमेरिकेहून गलबतांनी आले आणि आज त्यांच्यावाचून त्या त्या भूमीची चव सांगताच येत नाही.

वाइनच्या बाबतीत चिरंजीवांना उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. वडिलांना मात्र द्राक्षमळ्यात करण्यासारखे काही नाही असे समजू नये. ताजा द्राक्षरस आटवून केलेली साबा काकवीसारखी दाट व गोड असते, आणि तिच्यात मद्य नसते. मोदेना येथे असाच आटविलेला रस आंबवून, क्रमाने लहान होत जाणाऱ्या पिंपांतून निदान बारा वर्षे फिरवून पारंपरिक बाल्सामिक सिरका करतात. बारा वर्षे एका पातळ वस्तूची राखण करणाऱ्या घराला भेट देणे हे आमच्या मते कोणत्याही घोटाच्या तोडीचे आहे.

फ्लॉरेन्सचा विषय निघाला म्हणून आठवले. फिलिप्पो सास्सेत्ती हा तेथील व्यापारी १५८३ साली भारतात आला आणि १५८८ साली गोव्यात मरण पावला. त्याने घरी धाडलेल्या पत्रांत संस्कृत व इटालियन या भाषांतील साम्य टिपले आहे : देव आणि दीओ, सर्प आणि सेर्पे, सहा-सात-आठ-नऊ या संख्या. परक्या भूमीत गेल्यावर कान उघडे ठेवणारा प्रवासी असा असतो. आमच्या स्नेह्यांनी फ्लॉरेन्सला जाऊन बीफस्टेकच्या दुकानापुढे छायाचित्र काढण्याऐवजी या माणसाचे नाव मनात घ्यावे, असे आम्ही सुचविले.

अभिप्रायाचा तपशील आम्ही त्यांच्याच कागदाच्या पाठीवर लिहून दिला. पहिले, ऑगस्ट सोडावा. त्या महिन्याच्या मध्यास, पंधरा तारखेच्या सणाच्या सुमारास, इटलीतील शहरी माणूस समुद्रावर असतो आणि कित्येक चांगल्या खाणावळींना कुलूप असते. द्राक्षे बहुतेक ठिकाणी वेलीवरच, नवे तेल तर नोव्हेंबरखेरीज मिळायचे नाही. दुसरे, सहा शहरांची तीन करावी : जिनोव्हा, मोदेना, आणि पुग्लियातील बारी. रोम राहिले याची खंत वाटल्यास ते फेब्रुवारी-मार्चला, आर्टिचोकच्या दिवसांत, स्वतंत्र करावे. तिसरे, पदार्थांपुढील वाइनचा रकाना खोडून तेथे ‘कोणास विचारावे’ असा रकाना घालावा.

स्नेह्यांनी कागद उलटसुलट वाचला, मिलान खोडले गेले म्हणून सूनबाई रुसतील असे म्हणाले, आणि नोव्हेंबरात कार्तिकी एकादशी कोणत्या तारखेस येते ते पाहण्यासाठी आमचे पंचांग मागितले.