उतरून जायचं कुठे?

मागच्या दिवाळीत आम्ही दोघा भावंडांनी आईला क्रूझ द्यायचं ठरवलं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती, ती शाळेतून निवृत्त झाली होती आणि गुडघे अजून साथ देत होते. मुंबईहून लक्षद्वीप, जानेवारीतली तारीख. मी फोनवर तिला फोटो दाखवत होते: निळं पाणी, पांढरा डेक, पोहायचा तलाव, रात्रीचा बुफे. तिनं चष्मा वर सरकवून सगळे फोटो नीट पाहिले आणि विचारलं, "छान आहे गं. पण उतरून जायचं कुठे?"

"उतरायचं कशाला? बोटीवरच सगळं आहे," मी म्हणाले. जरा चिडूनच.

हे वाक्य नंतर मला टोचत राहिलं, त्याला कारण एक कादंबरी. पॉल मार्शल यांची 'प्रेझसाँग फॉर द विडो'. (पॉल हे इथे बाईचं नाव आहे. बार्बाडोसहून आलेल्या आईवडिलांची ही मुलगी १९२९ मध्ये ब्रुकलिनमध्ये जन्मली, २०१९ मध्ये वारली.) कादंबरी १९८३ची. म्हातारपणी उबदार बेटांकडे निघालेल्या बाईवर इतकं गंभीरपणे लिहिलेलं दुसरं काही मी वाचलेलं नाही. आणि ती सुरू होते, तीच बाई मध्यरात्री गुपचूप बॅगा भरतेय तिथून. तिला बोटीवरून उतरायचंय.

बाईचं नाव एव्ही जॉन्सन. साठी ओलांडलेली, काळी अमेरिकन, न्यूयॉर्कजवळच्या सुखवस्तू उपनगरात स्वतःचं घर. नवरा काही वर्षांपूर्वी गेलेला. दोन मैत्रिणींबरोबर ती कॅरिबियनच्या क्रूझवर आलीय, आणि तेही पहिल्यांदा नव्हे. सहा सुटकेस भरून कपडे आणलेत. सगळं नेहमीसारखं चालू असताना तिचं काहीतरी बिनसतं. पोटात जड दगड बसल्यासारखं वाटतं. जेवणाच्या दालनातल्या आरशात मैत्रिणींशेजारी बसलेली एक नीटनेटकी बाई दिसते आणि ती आपणच आहोत हे ओळखायला वेळ लागतो. डेकवर एक म्हातारा शेजारच्या खुर्चीवर बसायला बोलावतो, आणि क्षणभर तिला त्याच्या जागी पोहायची चड्डी घातलेला सांगाडा दिसतो.

त्या दालनाचं नाव 'व्हर्साय'. एव्हीची धाकटी मुलगी मॅरियन हे नाव ऐकूनच भडकली होती: त्याच राजवाड्यात बसून भारत, वेस्ट इंडीज, सगळं जग वाटून घेतलं गेलं, आणि तू तिथे जेवणार? आईला ते पटलं नव्हतं. स्वतःच्या पैशानं सुट्टी घेतली तर पोरीला का झोंबावं?

इथे तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात? मी आधी मॅरियनच्या बाजूनं होते. आपल्या पिढीला ते सोपं जातं. सारख्या टोप्या घालून एका झेंड्यामागे चालणाऱ्या ज्येष्ठ मंडळींचे रील आपण हसत पुढे ढकलतो. क्रूझ तर हसायला आयतीच.

त्या हसण्याचा सर्वात हुशार नमुना म्हणजे डेव्हिड फॉस्टर वॉलेस यांचा लेख. १९९६ मध्ये तो 'हार्पर्स' मासिकात आला आणि पुढच्या वर्षी 'अ सपोज्डली फन थिंग आय विल नेव्हर डू अगेन' या नावाच्या पुस्तकात. मासिकानं तेहतीस वर्षांच्या वॉलेसला सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझवर पाठवलं होतं. लाड करून घेण्याची सक्ती, हसऱ्या चेहऱ्यांचा थकवा, सतत घासून-रंगवून नवी ठेवलेली बोट: त्याच्या नजरेतून काहीच सुटत नाही. ही सगळी चकाकी मुळात म्हातारपण आणि मरण दिसू नये म्हणून आहे, हे तो अचूक ओळखतो. पण ज्यांना ते मरण खरोखर जवळ आलंय ते सहप्रवासी त्याच्या लेखात बहुतेक वेळा समोरून दिसतात, आतून नाही. तो आठवडाभर डेकवर राहतो आणि घरी येऊन ग्रंथासारखा लेख लिहितो. मार्शल यांनी त्याच्या आधी तेरा वर्षं, त्याच डेकवरच्या एका म्हातारीच्या पोटातला दगड लिहिला होता.

आणि त्या दगडाचं कारण क्रूझ नाही. इथे कादंबरी माझ्या अपेक्षेपेक्षा मोठी होते.

बोट सोडून एव्ही ग्रेनाडाला उतरते. विमान दुसऱ्या दिवशी. हॉटेलच्या खोलीत तिला रात्रभर जुनं आयुष्य आठवतं. ब्रुकलिनमधल्या हॅल्सी स्ट्रीटवरचं भाड्याचं घर. कामावरून थकून आलेला नवरा, तेव्हाचा 'जे', जॅझ आणि ब्लूजच्या तबकड्या लावायचा. दोघं दिवाणखान्यात नाचायची. मग १९४५च्या हिवाळ्यातलं एक भांडण, पैशाच्या ओढाताणीतून आलेलं. त्यानंतर जे दोन-तीन नोकऱ्या धरतो, रात्री अभ्यास करतो, हिशेबनीस होतो, घर घेतो. आणि कधीतरी, कोणाच्या लक्षात न येता, 'जे' संपतो आणि 'जेरोम जॉन्सन' उरतो. तबकड्या कपाटात जातात. नवरा गेल्यावर एव्ही रडली नव्हती. त्या रात्री ती रडते, पण जेरोमसाठी कमी आणि फार आधी हरवलेल्या जेसाठी जास्त.

मार्शल पैशाला नावं ठेवत नाहीत, हे महत्त्वाचं. गरिबीत नाचणं चालू ठेवायला हवं होतं, असं कादंबरी कुठेच म्हणत नाही. एव्हीचा प्रश्न अवघड आहे: सुरक्षितता मिळवायची आणि तरी स्वतःजवळचं मोलाचं काही सांभाळून ठेवायचं, हे जमलं नसतं का? त्याला काय लागलं असतं? हे वाचताना मला आमचा डोंबिवलीचा फ्लॅट आठवला, त्याच्या हप्त्यांसाठी बाबांनी घेतलेल्या शिकवण्या, आणि माळ्यावर गेलेली त्यांची पेटी. आईला क्रूझ देताना आम्ही तिला बक्षीस देत होतो. ज्या धावपळीत पेटी माळ्यावर गेली, तिचंच ते बक्षीस होतं.

विमानतळाला जाण्याऐवजी एव्ही किनाऱ्यावर भटकते, एका रमच्या टपरीत शिरते. तिथला लंगडा म्हातारा, लेबर्ट जोसेफ, तिला विचारतो, तू कोणत्या 'नेशन'ची? आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे कूळ-समूह त्याला नावानिशी पाठ आहेत. तिला प्रश्नच कळत नाही. मी टुरिस्ट आहे, एवढंच ती सांगू शकते. मला हे पान सगळ्यात क्रूर वाटलं. साठ वर्षं जगून झाल्यावर 'तू कोण' याचं उत्तर 'पाहुणी'.

कादंबरीत बोटी अनेक आहेत, आणि त्या एकमेकींवर ठेवून वाचल्या की तिचा अर्थ उलगडतो. एक पांढरी क्रूझ. दुसरी लहानपणीची: हार्लेममधले शेजारीपाजारी दरवर्षी हडसन नदीतून बेअर माउंटनला सहलीला जायचे, आणि गर्दीत उभ्या छोट्या एव्हीला वाटायचं की आपल्या अंगातून निघालेले बारीक धागे या सगळ्यांपर्यंत पोचलेत. तिसरी, लेबर्ट तिला कॅरियाकू या छोट्या बेटावर नेतो ती शिडाची बोट, वर्षातून एकदा आपल्या बेटावर परतणाऱ्या माणसांनी भरलेली. तिच्यावर एव्हीला भयंकर ओकाऱ्या होतात, पोटावरचा ताबा सुटतो, परक्या म्हाताऱ्या बायका तिला धरून बसतात. आतल्या अंधाऱ्या जागेत निजवल्यावर तिला आजूबाजूला दाटीवाटीनं पडलेली माणसं जाणवतात. ही चौथी बोट, गुलामांची.

या सगळ्यांच्या मागे एक न दिसणारी बोटही आहे. एव्हीची पणजीसारखी थोरली आत्या तिला लहानपणी गोष्ट सांगायची: साखळदंडात आणलेले इग्बो लोक किनाऱ्यावर उतरले, त्यांनी पुढचा सगळा काळ पाहिला आणि मागे वळून पाण्यावरून चालत घरी गेले. या गोष्टीला आधार १८०३ मध्ये जॉर्जियातल्या सेंट सायमन्स बेटावर घडलेल्या प्रसंगाचा आहे. तिथे इग्बो बंदी पाण्यात शिरले, त्यातले काही बुडाले. लोककथेनं त्यांना चालायला लावलं. एव्हीचं पूर्ण नावही त्या आत्यानंच ठरवलेलं: अवतारा. इंग्रजी वाचकाला याचा अर्थ शोधावा लागेल. मराठी वाचकाला तो पहिल्या पानावरच ऐकू येतो, आणि मग शीर्षकातला 'विडो' हा शब्दही वेगळा ऐकू येतो. ज्या राज्यात विधवा प्रथा बंद करायला हेरवाडच्या ग्रामपंचायतीला २०२२ मध्ये ठराव करावा लागला, तिथे विधवेसाठी स्तुतिगीत ही कल्पनाच दचकवते.

कॅरियाकूवर रात्री 'बिग ड्रम' असतो. आधी पूर्वजांची क्षमा मागायची, मग एकेका नेशनचा नाच. एव्हीला कुठलाच नाच आपला म्हणता येत नाही. शेवटी सगळ्यांच्या रिंगणात तिचे पाय जमिनीवर घसटत हलू लागतात, आणि ते पाऊल तिनं लहानपणी आत्याच्या गावी पाहिलेलं असतं.

माझी तक्रार इथे आहे. हे बेट फारच तत्परतेनं एव्हीला बरं करतं. कॅरियाकूच्या लोकांना स्वतःची भांडणं, कर्जं, कंटाळा नसावा, अमेरिकेतून येणाऱ्या बाईला न्हाऊ-माखू घालायलाच ते थांबलेले असावेत, असं अधूनमधून वाटतं. जमेका किनकेड यांचं 'अ स्मॉल प्लेस' (१९८८) लगेच पुढे वाचलं तर हा गोडवा उतरतो. अँटिग्वात जन्मलेल्या किनकेड पर्यटकाला थेट 'तू' म्हणतात आणि तुझ्या सुट्टीचा खर्च कोण सोसतं ते किनाऱ्यावरून सांगतात. आणि खुद्द क्रूझवर राबणारी माणसं? मार्शल यांच्याकडे ती पार्श्वभूमीतच राहतात. गोव्यात घरोघरी एखादा तारवटी असतो, अशाच बोटींच्या स्वयंपाकघरांत आणि केबिनांत महिनोन्महिने काढणारा. त्यांच्या नजरेतून लिहिलेली एव्ही मला वाचायला आवडेल.

तरीही ही कादंबरी टिकते, कारण ती म्हातारपणीच्या प्रवासाला बक्षीस समजत नाही. शेवटी एव्ही घर विकून वर्षातला काही काळ आत्याच्या गावी राहायचं ठरवते, नातवंडांना ती पाण्यावरून चालणाऱ्यांची गोष्ट सांगायला. म्हणजे प्रवासानं तिला आराम दिला नाही, काम दिलं.

क्रूझचा धंदा याच्या नेमका उलटा बांधलेला आहे. उन्हाळ्यात अलास्का किंवा भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या कित्येक बोटी थंडीत कॅरिबियनला येतात, सकाळी बेटाला लागतात, संध्याकाळी सुटतात. भाडं छापलेलं असतं माणशी, पण खोलीत दोघं धरून. एकट्या माणसाला बहुधा जास्तीचे पैसे पडतात. आमच्या बुकिंगमध्येही ते होतंच. वैधव्याचा एवढा स्पष्ट हिशेब मी कुठे पाहिला नव्हता.

आईला मी ही गोष्ट स्वयंपाकघरात सांगितली, ती मटार सोलत असताना. सहा सुटकेसचं ऐकून तिचा पहिला प्रश्न: "उचलल्या कोणी?" मग जरा वेळानं ती भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकणच्या आगबोटीबद्दल बोलू लागली. रात्रभर डेकवर पथारी, कोणाकोणाचे डबे, आणि वेंगुर्ल्याला भर समुद्रात बोट थांबली की खाली आलेल्या पडावात उतरायचं. आजोबा आधी उडी मारायचे आणि हात वर करायचे.

उतरून जायचं कुठे, हा प्रश्न तिनं बोटीचं तोंड न पाहिलेल्या बाईसारखा विचारलाय, असं मला वाटलं होतं.

बुकिंग अजून रद्द केलेलं नाही. तिनं फक्त विचारलंय, ती बोट वेंगुर्ल्यावरून किती लांबून जाते.