केवलप्रयोगी की सहप्रयोगी?

मराठी व्याकरणातील आठ शब्दजातींपैकी केवलप्रयोगी अव्ययांची जात सर्वांत उपेक्षित आहे. ‘अरेरे’, ‘अबब’, ‘छी’, ‘शाब्बास’ या शब्दांचा वाक्यातील अन्य पदांशी अन्वय लागत नाही, म्हणून त्यांना हे नाव. वाक्यविचारापुरती ही व्यवस्था निर्दोष आहे. साहित्यसमीक्षेने मात्र ती जशीच्या तशी स्वीकारली आणि ज्याचे वाक्याशी नाते नाही त्याचे अर्थाशीही नाते नाही, असे नकळत गृहीत धरले. कथा-कादंबरीतील उद्गारांचा विचार झालाच तर तो ‘बोलीचा गोडवा’ अशा प्रशस्तिपर शब्दांत आटोपतो. उद्गाराचे भावसामर्थ्य नेमके कशात असते, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

उद्गार हा भावनेचा नैसर्गिक, भाषापूर्व स्फोट होय, हे या प्रश्नाचे प्रचलित उत्तर. ते टिकणारे नाही. उद्गार केवळ नैसर्गिक असता, तर तो सर्वत्र एकच असता. ठेच लागताच इंडोनेशियातील माणूस ‘आदुह’ म्हणतो आणि आपण ‘आई गं’ म्हणतो. वेदना एकच, पण मराठी उद्गारात कोणाला तरी हाक आहे. मराठवाड्यात तर दुःख, भय आणि आश्चर्य या तिन्ही प्रसंगी ‘माय’च तोंडी येते. शिवाय ‘शाब्बास’ आणि ‘वाहवा’ आपल्याकडे फारसीतून आले, तर ‘धिक्’ संस्कृतातून. ज्याला आपण कंठातून उमटलेला निसर्ग समजतो, तो पुष्कळदा शेजाऱ्याकडून शिकलेला असतो.

रोमान याकोब्सन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात भाषेचे भावनिष्ठ कार्य उद्गारवाचकांत सर्वाधिक शुद्ध रूपात आढळते, असे प्रतिपादन केले. तेथेच त्यांनी एका नटाची हकिगत सांगितली आहे. ‘आज संध्याकाळी’ एवढ्याच शब्दांतून चाळीस वेगवेगळे आशय व्यक्त करण्यास त्याला स्तानिस्लाव्स्की यांनी सांगितले होते. आपल्या काव्यशास्त्राला ही कल्पना अपरिचित नाही. भरताने वाचिक अभिनयात काकूचा विचार केला आहे आणि मम्मटाने काकूला व्यंजनेच्या साधनांत स्थान दिले आहे. परंतु याकोब्सन भावनिष्ठ कार्य बोलणाऱ्याशी जोडतात. ऐकणारा त्यांच्या मांडणीत दुसऱ्या कार्याचा धनी ठरतो. काकूला मात्र जाणता श्रोता लागतो. त्याच्यावाचून ती नुसता स्वरांचा चढउतार राहील. उद्गाराची मीमांसा याच बाजूने व्हावयास हवी.

छत्रपती संभाजीनगरातील, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेतील, क्रांती चौक हे या मीमांसेचे उत्तम क्षेत्र आहे. १८५७ च्या उठावातील शिपायांना झालेल्या देहदंडाशी जोडलेला काळा चबुतरा येथलाच. पुढे हा चौक मोर्च्यांचा आणि घोषणांचा झाला. घोषणेतील शब्दांचे व्याकरण सांगता येते. पण चौकात ती वाक्य म्हणून वावरत नाही, ती उद्गार होते. १९४५ च्या इंडोनेशियन क्रांतीतील ‘मर्देका’ ही घोषणा मूळ ‘महर्द्धिक’ या संस्कृत शब्दापासून आली. ती देणाऱ्यांना ही व्युत्पत्ती ठाऊक असण्याची गरज नव्हती. सोबतच्या कंठांनी तिला अर्थ दिला.

‘जोहार’ आणि ‘जय भीम’ यांची तुलना येथे उद्बोधक ठरेल. जोहार हा खालून वर जाणारा शब्द. ज्याला तो घातला जाई, त्याच्यावर तोच शब्द परत करण्याचे बंधन नव्हते. ‘जय भीम’ला उत्तर ‘जय भीम’ हेच. १४ जानेवारी १९९४ रोजी येथल्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव मिळेपर्यंतच्या दीर्घ संघर्षात या दोन शब्दांनी जे सांगितले, ते कोशातील अर्थाने उलगडत नाही. समान शब्द परत मिळण्याची अपेक्षा, किंबहुना हक्क, हेच त्याचे भावसामर्थ्य होय.

याच चौकातून ९ ऑगस्ट २०१६ रोजी मराठा क्रांती मोर्चा निघाला तो घोषणांवाचून. त्या मौनाचा परिणाम कशामुळे झाला? मौनाला स्वतःचा अर्थ नसतो. जेथे घोषणा अपेक्षित आहे, तेथे ती न येणे हाच अर्थ होतो. निर्जन माळावरची शांतता आणि चौकातील ही शांतता यांत हाच भेद आहे. तेव्हा मौनही श्रोत्याच्या अपेक्षेवरच उभे असते.

व्याकरणाने दिलेले ‘केवल’ हे विशेषण वाक्यापुरतेच खरे आहे. उद्गार वाक्यातून सुटतो तो माणसांत जाऊन पडण्यासाठी. कादंबरीतील एखादी म्हातारी ‘अगं माय’ म्हणते, तेव्हा ती बोली किती अस्सल आहे हे समीक्षकाने पुढे तपासावे. ती हाक कोणाला आहे, आणि त्या जगात तिला ओ देणारे कोणी आहे काय, हे त्याने आधी विचारावे.