हरवलेल्या वर्षांचा हिशेब

चाळिसाव्या वर्षी मरण पावलेल्या एका स्त्रीच्या नावापुढे हानी किती मांडायची, या प्रश्नाला रोगभाराच्या एका कोष्टकात उत्तर आहे: सुमारे ४३.५ वर्षे. ख्रिस्तोफर मरे आणि ॲलन लोपेझ यांनी १९९०च्या दशकात साऱ्या जगाच्या दुखण्याखुपण्यांचा हिशेब मांडला, त्यातला हा आकडा. त्यापाशी आपण जरा थांबू या. नवजात मुलीचे आदर्श आयुर्मान त्यांनी ८२.५ वर्षे धरले होते. जगात सर्वांत दीर्घायुषी असलेल्या जपानी स्त्रिया तेव्हा सरासरीने तेवढ्या जगत होत्या. सरळ वजाबाकी केली तर उरतात ४२.५. मग वरचे एक वर्ष आले कोठून? ते त्या स्त्रीने स्वतः कमावलेले आहे. बाळपणीचे आजार, तारुण्यातली अरिष्टे, बाळंतपणे यांतून तरून जी चाळिशीला पोचते, तिच्यापुढची वाट जन्मतः दिसत होती त्याहून थोडी लांबच असते, आणि रुक्ष वाटणाऱ्या त्या कोष्टकाने जगण्याच्या या चिवटपणाचीही नोंद ठेवली आहे.

आता त्याच आकड्याची दुसरी बाजू उजेडात धरू. ही स्त्री राहत कोठे होती? कोष्टक ते विचारतच नाही. बोगोटाच्या झोपडवस्तीत असो की बॉस्टनच्या संपन्न उपनगरात, चाळिशीतल्या स्त्रीच्या अकाली मृत्यूची हानी सारखीच, हे तत्त्व मरे यांनी १९९४मध्ये स्पष्ट शब्दांत लिहिले. जिथे माणसे मुळातच अल्पायुषी, तिथल्या स्थानिक आयुर्मानाने मोजले असते तर तिची हानी थोडकी भरली असती. ज्या दारिद्र्याने आयुष्य आखूड केले, त्याच दारिद्र्याने तिचे मरणही स्वस्त केले असते. सर्वांना एकच माप लावण्याच्या या निर्णयात समतेचे केवढे मोठे विधान सामावले आहे!

या मापापर्यंतची वाट लांबची. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये दर गुरुवारी मृत्यूंची पत्रके निघत. परगण्यातल्या वृद्ध स्त्रिया मृताच्या घरी जाऊन प्रेत पाहत आणि मरणाचे कारण सांगत. त्यावरून यादी तयार होई. १६६२मध्ये जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने या पत्रकांवर पुस्तक लिहिले. मृतांची वये त्यांत नव्हतीच. मग ग्राँटने काय करावे? जी दुखणी लहान मुलांचीच, ती त्याने वेगळी काढली, आणि शंभर जन्मांमागे ३६ मुले सहा वर्षांची होण्याआधीच जातात असा अंदाज बांधला. ज्या कागदावर वय नाही, त्यावर आजाराच्या नावाआडून मुले ओळखणाऱ्या या नजरेला आपण मनापासून दाद द्यायला हवी.

तरीही पुढची जवळजवळ तीन शतके मृत्यू हा एकेक डोके म्हणूनच मोजला जात राहिला. १९४७मध्ये मेरी डेम्प्सी यांनी क्षयाकडे बोट दाखवले: क्षयाचे मृत्यू घटत असले तरी तो ऐन उमेदीतल्या माणसांना नेतो, म्हणून मृत्यूंच्या जोडीने गमावलेली वर्षेही मोजा. १९८१मध्ये घानातल्या एका अभ्यासगटाने पुढचे पाऊल टाकले. मृत्यू आणि आजारपण या दोहोंनी हिरावलेले निरोगी दिवस एकाच हिशेबात घेतले. आणि १९९३च्या जागतिक बँकेच्या अहवालातून ‘डॅली’ हे एकक जगापुढे आले: अकाली मृत्यूने गेलेली वर्षे अधिक विकलतेत काढलेली वर्षे. बेरीज साधीच, पण तिने जिवंत माणसाचे दुःख मृत्यूच्या रकान्याशेजारी आणून बसवले. मृत्यूंच्या यादीत जे जवळपास दिसतच नसे, ते नैराश्य या हिशेबात एकदम जगातल्या चौथ्या क्रमांकाचे ओझे ठरले.

पण विकलतेचे एक वर्ष म्हणजे किती? शून्य म्हणजे पूर्ण आरोग्य आणि एक म्हणजे मृत्यू, या दोन टोकांमध्ये प्रत्येक व्याधीला जागा द्यायची होती. आरंभी ती आरोग्यक्षेत्रातल्या तज्ज्ञांनी ठरवली. पुढे या हिशेबाच्या २०१०च्या आवृत्तीसाठी प्रश्न सामान्य माणसांकडे गेला. बांगलादेश, इंडोनेशिया, पेरू, टांझानिया आणि अमेरिका या पाच देशांतल्या जवळपास १४,००० जणांना घरी गाठून किंवा फोनवर, आणि आणखी हजारोंना इंटरनेटवरून, दोन माणसांची दोन छोटी वर्णने ऐकवली गेली. एकाची पाठ सतत दुखते, दुसऱ्याला दूरचे दिसत नाही, अशा धर्तीची. आणि मग विचारले गेले की यांतला अधिक निरोगी कोण? या प्रश्नाचे लाघव पाहावे: त्यात वैद्यकाचा एकही जड शब्द नाही, कुठल्याही अंगणात बसलेली आजी त्याचे उत्तर देऊ शकते, आणि तिचे मत प्राध्यापकाच्या मताइतकेच मोजले जाते.

उत्तरांनी पूर्वीची उतरंड हलवली. पूर्ण अंधत्वाचा भार जुन्या कोष्टकात ०.६ होता, तो ०.२च्याही किंचित खाली आला. त्याच आवृत्तीत आणखी दोन जुनी गृहीतके गळून पडली. आधीच्या गणितात पंचविशीच्या आसपासच्या वर्षाला सर्वाधिक मोल होते, तान्हे बाळ आणि म्हातारा यांचे वर्ष हलके. शिवाय भविष्यातल्या वर्षांवर दरसाल ३ टक्के घट लावली जाई. दोन्ही काढून टाकली, आणि आजीचे वर्ष नातीच्या वर्षाइतकेच भरले. आदर्श आयुर्मानही स्त्रीपुरुष दोघांना एकच झाले, ८६ वर्षे.

इतके नेटके गणितही नोंदीवाचून आंधळेच, आणि ही जाण आपल्या मातीतही रुजली आहे. राणी बंग, अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग आढळला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. जे कोणी विचारलेच नव्हते, ते विचारताच गावच्या गावे दुखणी अंगावर काढत असल्याचे उघड झाले.

भारतातल्या ‘मिलियन डेथ स्टडी’तही हेच विचारणे आहे. जनगणना खात्याचे कर्मचारी मृताच्या घरी जात, घरच्यांशी बोलत आणि शेवटच्या आजारपणाची अर्ध्या पानाची हकिगत स्थानिक भाषेत लिहून घेत. मग दोन डॉक्टर ती स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवत, आणि एकमत झालेच नाही तर तिसरा, ज्येष्ठ डॉक्टर निर्णय देई. या हकिगतींतून सर्पदंशाचे वर्षाला सुमारे ४५,९०० मृत्यू समोर आले, बहुतेक खेड्यांतले, चारांतले तीन तर दवाखान्याबाहेरचे. रुग्णालयांच्या वह्यांत ते सापडणार तरी कसे? २०१७मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले, त्यामागे अशा मोजणीचे बळ होते.

या साऱ्या वाटचालीचा खरा रस येथेच आहे, असे मला वाटते. प्रत्येक पिढीने आधीच्या हिशेबात कोण राहून गेले ते शोधले: आधी वय न लिहिलेली मुले, मग आजारात वर्षे काढणारी माणसे, मग ज्यांचे मत कोणी घेतले नव्हते असे लोक, आणि मग दवाखान्याच्या दारापर्यंत न पोचलेले. शिवाय प्रत्येक आकड्यामागचा निर्णय उघडपणे लिहून ठेवला, म्हणूनच तो पुढच्यांना बदलता आला. रोगभाराचे कोष्टक पुन्हा कधी समोर आले, तर आपण त्याला हे दोन प्रश्न जरूर विचारावेत: यात कोणाचे आयुष्य कितीला धरले आहे, आणि कोण अजून मोजायचे राहिले आहे? हे प्रश्न विचारणाऱ्यांनीच ही विद्या आजवर वाढवली आहे.