चूक वाचणाऱ्याची की लिहिणाऱ्याची?

लिनक्सवर एखादे सॉफ्टवेअर बसवताना अख्खी प्रणालीच मोडली, की जाणकारांचे उत्तर ठरलेले असते : 'सूचना नीट वाचायला हवी होती.' हे उत्तर आम्हाला अर्धेच खरे वाटते.

नोव्हेंबर २०२१ मधले गाजलेले उदाहरण पाहा. संगणकविषयक व्हिडिओंसाठी प्रसिद्ध असलेले कॅनडातले लायनस सेबॅस्टियन (लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स ते वेगळे!) 'पॉप ओएस' या लिनक्सवर 'स्टीम' हे खेळांचे सॉफ्टवेअर बसवीत होते. नेहमीच्या मार्गाने ते बसेना, म्हणून त्यांनी 'अ‍ॅप्ट'ला आज्ञा दिली. अ‍ॅप्ट हा पॅकेजांचा कारभारी. कोणत्या पॅकेजला दुसरी कोणती पॅकेजे, कोणत्या आवृत्तीची लागतात हे पाहून तो मेळ बसवतो. त्या दिवशी भांडारातल्या आवृत्त्याच जुळत नव्हत्या. तेव्हा अ‍ॅप्टने तोडगा काढला : स्टीम हवे, तर डेस्कटॉप काढून टाकू!

तसे त्याने सांगितलेही. पण कसे? काढायच्या पॅकेजांच्या नावांची लांबलचक यादी, खाली इशारा, आणि पुढे जायचे असल्यास 'हो, मी सांगतो तसेच कर!' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य टंकित करायचे. सेबॅस्टियन यांनी ते केले. डेस्कटॉप गेला, उरला काळा पडदा आणि त्यावरची अक्षरे.

आमचा आक्षेप या वाक्याला आहे. गुरुजींनी 'समजले का?' विचारावे आणि वर्गाने एका सुरात 'हो' म्हणावे, त्यातलाच हा प्रकार. 'तुमचा डेस्कटॉप नाहीसा होईल' एवढे साधे वाक्य मात्र कुठेच नव्हते. अ‍ॅप्टच्या कर्त्यांनाही हे पटले असावे. त्याच महिन्यातल्या सुधारणेनंतर हे वाक्य गेले; अत्यावश्यक पॅकेजे काढायला अ‍ॅप्ट आता सरळ नकार देतो, मुद्दाम वेगळा पर्याय लिहिला तरच ऐकतो. डेबियन १२ (२०२३) याहून पुढे गेले. 'पिप'ने पायथॉनची पॅकेजे थेट प्रणालीत घालू पाहिली, तर नकार मिळतोच, शिवाय वेगळे आभासी वातावरण तयार करण्याची वाटही दाखवली जाते. इशारा असा असावा.

उरलेली अर्धी जबाबदारी आपली. अ‍ॅप्टच्या आज्ञेत 'उणे एस' हा पर्याय घातला, तर प्रत्यक्ष काही न बदलता नुसती रंगीत तालीम होते. त्याला प्रशासकाचा परवलीचा शब्दही लागत नाही, म्हणून ती विद्यार्थ्यांकडून खुशाल करून घ्यावी. किती पॅकेजे काढली जाणार, तो आकडा आधी बघायला लावावा.

मात्र डेबियनला उबुंटूचे भांडार जोडले, तर अ‍ॅप्ट हटकत नाही. मोठ्या आकड्याची आवृत्ती तो निमूटपणे उचलतो, आणि मोड दिसते ती पुष्कळदा काही महिन्यांनी, प्रणाली अद्ययावत करताना.