‘चार नगरांतले माझे विश्व’ : आश्रयाचा प्रश्न

जयंत नारळीकर यांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ ह्या आत्मचरित्रास २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. नाशिक येथे डिसेंबर २०२१ मध्ये भरलेल्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीच्या कारणाने त्यांना प्रत्यक्ष उपस्थित राहता आले नाही. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. ह्या ग्रंथाकडे विद्वत्तेची यशोगाथा म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत टिपणात एका निराळ्या प्रश्नाच्या अनुरोधाने त्याचा विचार करावयाचा आहे : संशोधकाच्या बुद्धीस आश्रय कोण देतो?

ग्रंथाची रचना बनारस, केम्ब्रिज, मुंबई आणि पुणे ह्या चार नगरांवर उभी आहे. परंतु ही नगरे वस्तुतः संस्थांची नावे होत, हे ध्यानात घेतले पाहिजे. बनारस म्हणजे वडील विष्णु वासुदेव नारळीकर जेथे गणिताचे प्राध्यापक होते ते हिंदु विश्वविद्यालय. मुंबई म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था. आणि पुणे म्हणजे १९८८ साली स्थापन झालेली ‘आयुका’. नगर बदलते ते पद बदलते म्हणून. केम्ब्रिजचा आश्रयही अढळ नव्हता. फ्रेड हॉइल यांनी १९६६ मध्ये उभारलेल्या खगोलशास्त्र संस्थेत नारळीकर आरंभापासून होते. १९७२ साली हॉइल यांनी केम्ब्रिज सोडले, आणि त्याच वर्षी नारळीकर मुंबईस आले.

लेखकाची शैली प्रसन्न, संयत व निगर्वी आहे. मात्र ह्या संयमामुळेच एक उणीव जाणवते. पुढले पद मिळेल की नाही, ही उपजीविकेची चिंता ह्या कथेच्या केंद्रस्थानी नाही. लेखकाच्या वाट्यास ती फारशी आली नाही, हा काही त्याचा दोष नव्हे. दोष असेल तर तो ह्या चरित्रास सर्वसामान्य आदर्श मानणाऱ्या वाचकाचा. नेट-सेट उत्तीर्ण होऊन वा पीएच.डी. मिळवूनही तासिका तत्त्वावर शिकविणारा, सुटीच्या महिन्यांत मानधनास मुकणारा तरुण अध्यापक आज महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत आढळतो. पुढील सत्रात आपण असू की नाही, हेच ज्यास ठाऊक नाही, त्याने दीर्घ पल्ल्याचा प्रश्न हाती कसा घ्यावा? त्याच्या मनाचे स्वास्थ्य ढळते ते बुद्धी उणी पडते म्हणून नव्हे, तर काळाची शाश्वती नाही म्हणून.

असे असूनही ह्या प्रश्नाचे एक उत्तर ग्रंथाच्या अखेरच्या नगरात सापडते, असे आम्हांस वाटते. ‘आयुका’ ही संस्था विद्यापीठांतील अध्यापकांसाठी कल्पिलेली आहे. दूरच्या महाविद्यालयातील शिक्षकाने तेथे यावे, काही काळ राहावे, ग्रंथालय व उपकरणे वापरावीत आणि आपल्या जागी परतून संशोधन चालू ठेवावे, हा तिचा हेतू. स्वतःस लाभलेला आश्रय इतरांसाठी संस्थारूपाने उभा करणे, हेच ह्या जीवनकथेचे मर्म होय. परंतु परतून जावयास आधी हक्काची जागा असावी लागते. ती ज्यास नाही त्याचे आत्मचरित्र मराठीत अद्याप लिहिले जावयाचे आहे. ते जेव्हा लिहिले जाईल, तेव्हा ह्या ग्रंथाशेजारी ठेवूनच ते वाचावे लागेल.